खुनाआधीची पन्नास पानं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोझी मिस्ट्री म्हणतात त्या प्रकारातल्या, म्हणजे छोट्या वस्तीत घडणाऱ्या आणि रक्तपात न दाखवणाऱ्या घरगुती रहस्यकथांच्या, तीन-चार कादंबऱ्या वाचून झाल्या. सुरुवातीला चहापाणी आणि शेजारपाजारच फार येतं, नावांचा गोंधळ उडतो आणि शेवटी खुनी समोर आला की 'हे आधी कुठं सांगितलं होतं?' असं वाटतं. लोकांना यात एवढी गोडी कशाची लागते आणि ती लागायची तर वाचायचं कसं?

उत्तर त्या चहापाण्यातच आहे. 'आता एकदाचा खून होऊ दे' म्हणत जी पानं आपण भराभर उलटतो, तीच या प्रकारातली सगळ्यात महत्त्वाची पानं. थरारक कादंबरी खुनानंतर वेग घेते. कोझीत खून होतो तोवर लेखकाने पुष्कळसे पुरावे तुमच्या हातात ठेवलेले असतात, फक्त ते पुरावे आहेत हे तुम्हाला ठाऊक नसतं. शेवटी फसवल्यासारखं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच, की ती पानं नुसती चाळली गेली.

या प्रकाराची चौकट ठरलेली आहे. जागा लहान आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची: खेडं, कॉलेज, हॉटेल, बोट. संशयित साधारण पाच ते आठ. शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलिसांतली नसते. निवृत्त शिक्षिका, ग्रंथपाल, बेकरी चालवणारी बाई, असं कुणीतरी असतं. मारहाण, रक्त, क्रौर्य पडद्याआड राहतं आणि शेवटी गुन्हेगार सापडून वस्ती पुन्हा आपल्या कामाला लागते. मुळं दोन महायुद्धांमधल्या इंग्रजी रहस्यकथेत आहेत, पण वेगळा प्रकार म्हणून 'कोझी' हे नाव रुळलं ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत. या धाटणीच्या पुस्तकांसाठी अमेरिकेत १९८९पासून अगाथा ख्रिस्ती या इंग्रज रहस्यकथा-लेखिकेच्या नावाने पुरस्कार दिले जातात आणि विजेत्याला मिळते ती चक्क चहाची किटली. प्रकाराची ओळख करून द्यायला एवढी एक किटली पुरते.

आपल्याकडे रहस्यकथा म्हटलं की बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आठवतात. ती साहसाची, वेषांतराची, पाठलागाची दुनिया आणि तिची मजा अव्वल आहेच. पण ती अपेक्षा घेऊन कोझीकडे गेलं तर हिरमोड ठरलेला. इथं नायकाचं हत्यार पिस्तूल नसतं. त्याचं हत्यार भोचकपणा.

हा शब्द मी कौतुकानं वापरते आहे. कोझीतली शोधपद्धत म्हणजे भोचकपणाला लावलेली शिस्त. कोणाकडे किती वाजता कोण येतं, कोणाची कामवाली कधी बदलली, कोण कोणाशी दिवाळीपासून बोलत नाही, ही माहिती पोलिसांना मिळवावी लागते. शेजारणीकडे ती आपोआप साठलेली असते. ख्रिस्तीचं मिस मार्पल हे पात्र १९२७ साली एका लघुकथेतून आलं आणि १९३०मध्ये पहिल्यांदा कादंबरीत दिसलं. तिची रीत नेमकी हीच: समोरच्या संशयिताकडे बघून तिला आपल्या गावातलं कुणीतरी आठवतं आणि त्या माणसाने तेव्हा काय लबाडी केली होती त्यावरून ती आजच्या माणसाचा अंदाज बांधते. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सामायिक गॅलरी, एका ठराविक वेळी येणारं पाणी, कुठल्या खोलीतून आज कसला वास येतोय यावरून पाहुणे कोणाकडे आलेत याचा अंदाज, हे सगळं कोझी वाचण्याचं पायाभूत शिक्षण आहे. हाउसिंग सोसायटीतला गेटवरचा रजिस्टर, मेंटेनन्सची थकबाकी आणि पार्किंगवरून झालेली भांडणंही त्याच कामाला येतात.

आता पुरावा लपवतात कसा ते जवळून पाहू. हा एक बनवलेला परिच्छेद आहे:

'सकाळी सात वाजता जोगकाकूंच्या दाराशी पेपर, दुधाच्या दोन पिशव्या आणि फुलांची पुडी तशीच पडलेली होती. आत रेडिओ चालू होता. समोरच्या कर्णिकांनी दोनदा बेल वाजवली. तेवढ्यात खाली पाण्याच्या टँकरवाल्याचं आणि वॉचमनचं असं काही जुंपलं, की मजल्यावरचे सगळे गॅलरीत धावले.'

समजा, आधी तीसेक पानांवर, दूधवाल्याच्या वाढत्या बिलावरून चाललेल्या गप्पांत, काकू म्हणून गेल्या आहेत, 'मला एकटीला अर्ध्या लिटरची एक पिशवी पुरून उरते.' आणि खुनानंतर त्यांचा भाचा मिलिंद पोलिसांना सांगतो, 'मी येणार हे मावशीला माहीतच नव्हतं. तिला चकित करायचं होतं.'

मग दोन पिशव्या का? जादा पिशवी हवी तर दूधवाल्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं. म्हणजे काकू सकाळी कुणाची तरी वाट बघत होत्या. इथं चांगला लेखक एक आक्षेप स्वतःच मिटवून ठेवतो. एक पिशवी कालची राहिलेली असेल असं कुणी म्हणेल. पण तसं असतं तर पेपरही दोन असते. पेपर एकच आहे. तो एकवचनी 'पेपर' हा पुराव्याचा दुसरा अर्धा भाग आहे आणि वाचताना त्यावर कुणाचीही नजर थांबत नाही. रेडिओ मात्र आमिष आहे. तो ऐकून आपण समजतो की काकू सकाळी उठल्या होत्या, पण रेडिओ रात्रीपासूनही चालू असू शकतो.

मिलिंद खोटं बोलला असावा एवढंच यातून कळतं. खून त्यानेच केला हे यातून ठरत नाही आणि कोझीतली खरी चव इथंच आहे. या पुस्तकांत जवळजवळ प्रत्येक जण काही ना काही लपवतो: उधारी, जुनं प्रेम, गेलेली नोकरी. खोटं बोलणारे सात, खुनी एक. म्हणून वाचताना 'कोणी मारलं?' हा प्रश्न सतत घोकू नये. 'हा कशाबद्दल खोटं बोलतोय आणि कोणासाठी?' हा विचारावा. एकेक खोटं सुटत गेलं की माणसं स्वच्छ होत जातात आणि ज्याचं खोटं दुसऱ्या कशानेच समजावता येत नाही तो उरतो.

वरच्या परिच्छेदातल्या युक्त्या सगळीकडे भेटतात. तीन वस्तूंच्या यादीत कामाची वस्तू मधे ठेवलेली असते, कारण पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं. पुराव्याच्या लगेच पाठोपाठ मोठा आवाज, भांडण किंवा विनोद येतो. टँकरवाला त्याचसाठी आला. पुराव्याचे दोन भाग करून त्यांच्यात तीस-चाळीस पानांचं अंतर ठेवतात. ज्याचं कुणी मनावर घेत नाही अशा माणसाच्या तोंडी खरी गोष्ट घालतात: अखंड बडबडणारी बाई, लहान मूल, ऐकू कमी येणारे आजोबा. कोझीत कुणी कंटाळवाणं बोलू लागलं आणि लेखकाने ते संक्षेपात न सांगता पूर्ण संवादात लिहिलं, तर तिथं थांबून पुन्हा वाचावं. चार ओळींत उरकता आलं असतं ते दोन पानं चाललंय, याला कारण असतंच. सगळ्यात अवघड पुरावा म्हणजे जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही ते. रोज संध्याकाळी दिवा लावणाऱ्या घरात एके दिवशी दिवा लागलेला नसतो आणि लेखक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तो पकडायचा तर दिनक्रम आधी डोक्यात बसलेला हवा आणि तो बसवायची जागा म्हणजे पहिली पन्नास पानं.

वाचायची रीत त्यातूनच ठरते. मुंबईत बहुतेकांचं वाचन लोकलमध्ये, वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत होतं. कोझीचं बिनसतं ते तिथं. आठ पानं सोमवारी, सहा बुधवारी असं केलं की शुक्रवारी कर्नल कोण आणि पाद्री कोण हेच आठवत नाही. प्रेत सापडेपर्यंतचा भाग, म्हणजे साधारण पन्नास-साठ पानं, रविवारी दुपारी एका बैठकीत वाचा. दीड-दोन तास लागतील. एकदा माणसं आणि त्यांची घरं मनात बसली की मधला भाग गाडीत तुकड्यातुकड्याने वाचला तरी चालतो, कारण तिथं बहुधा एका प्रकरणात एकाची चौकशी असते. शेवटची तीस-चाळीस पानं मात्र पुन्हा सलग. त्यातली दहा वाचून दादरला उतरावं लागणं फार वाईट.

सोबत बुकमार्क म्हणून पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद ठेवा. एका बाजूला माणसं: नाव, नातं, मृत व्यक्तीकडून काय मिळणार किंवा काय लपणार, एका ओळीत. दुसऱ्या बाजूला तीन रकाने: 'पाहिलं', 'ऐकलं', 'सांगितलं'. काही घडताना निवेदनातच दाखवलं असेल तर पहिल्यात. पात्राने नुसता आवाज ऐकला असेल तर दुसऱ्यात. आणि एखादी गोष्ट केवळ कोणाच्या तरी म्हणण्यावर उभी असेल तर तिसऱ्यात. या प्रकारातल्या मोठमोठ्या चकव्यांचं मर्म एवढंच असतं, की तिसऱ्या रकान्यातली गोष्ट वाचक नकळत पहिल्यात टाकतो. 'साडेनऊला ते जिवंत होते' हे वाक्य पुस्तकात पाच वेळा येतं आणि पाचही वेळा एकाच माणसाच्या तोंडून आलेलं असतं. कागदावर ते एका रकान्यात साठलं की डोळ्यात भरतं. दर प्रकरणाला दोन-तीन नोंदी पुरतात. त्याहून जास्त लिहिलं की वाचन सुटतं आणि हिशेब राहतो.

'आता मला सगळं कळलं' असं शोध घेणारी व्यक्ती म्हणते किंवा सगळ्यांना एका खोलीत बोलावते, तिथं पुस्तक मिटा. एक रात्र जाऊ द्या. कागदावर नाव, कारण आणि एक तरी पुरावा लिहा. पुराव्याशिवायचं नाव म्हणजे मटका. नुसत्या 'ज्याच्यावर संशय येत नाही तोच' या हिशेबाने उत्तर बरोबर आलं तरी हाताला काही लागत नाही आणि पुढच्या पुस्तकाची चवही त्याने जाते.

लेखकाने फसवलं की आपण चुकलो हे ठरवायला जुनं माप आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने, जो स्वतःही रहस्यकथा लिहायचा, १९२९मध्ये दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात आलेला असला पाहिजे. दैवी शक्ती नकोत. गुप्त खोली किंवा भुयार असलंच तर एकच. आजवर कुणाला माहीत नसलेलं विष नको. जुळी भावंडं आणायची तर वाचकाची आधी तयारी करून द्यायची. शोध घेणाऱ्याला सापडलेला पुरावा वाचकालाही तिथल्या तिथं दाखवायचा. यातले काही नियम पुढे मोठमोठ्या लेखकांनी मुद्दाम मोडले आणि उत्तम पुस्तकं लिहिली, पण पुरावा दाखवण्याचा हा नियम मोडला की वाचक दुखावतोच. पुस्तक संपलं की पहिली पन्नास पानं परत चाळा. उत्तर तिथं दिसत असेल तर पुस्तक प्रामाणिक. शेवटच्या प्रकरणात अचानक कुठूनसं पत्र येऊन सगळं उलगडत असेल तर रागवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हल्लीच्या बऱ्याच कोझी पुस्तकमालिकांत आणखी एक खोट दिसते: पुरावा पुरेसा नसतो, म्हणून नायिका एकटीच खुन्याच्या घरी जाते आणि तो सुरी उगारून सगळं कबूल करतो. तो शेवट आळशी आहे. अशा पुस्तकांतल्या पाककृती आणि मांजरं कितीही गोड असली तरी त्याने भरपाई होत नाही.

विष इतकं का वापरतात, हेही यातच बसतं. रक्त सांडत नाही आणि मारणारा त्या वेळी दुसरीकडे असू शकतो. त्यामुळे चौकशी आपोआप घराच्या दिनक्रमावर येते: चहा कोणी केला, साखर कोण घेत नाही, औषधाची बाटली कुठल्या फळीवर असते. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्की या आपल्या गावी रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं होतं. मात्रा आणि परिणाम तिला कामातून ठाऊक होते आणि ते पानोपानी जाणवतं.

अनुवादाबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठीत वाचणाऱ्यांना याचा थेट फटका बसतो. इंग्रजीत जे सहज लपतं ते मराठीत उघडं पडतं. तिकडे समोरच्या कुणालाही एकच 'यू'. मराठीत अनुवादकाला 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावंच लागतं आणि चारचौघांत परकी वाटणारी दोन माणसं एकांतात 'तू'वर आली की त्यांचं गुपित पन्नास पानं आधीच फुटतं. निनावी पत्रात 'मी गेलो' लिहिलं की पुरुष, 'मी गेले' लिहिलं की बाई. जाणकार अनुवादक इथं वाट काढतो. 'मी पाहिलं', 'मी दिलं' यांत लिंग कळत नाही. 'मी जाईन'मध्येही नाही. 'मला समजलं' तर पूर्ण सुरक्षित. म्हणून अनुवादात एखादं निनावी पत्र नेमकं अशाच क्रियापदांवर चाललेलं दिसलं तर समजावं की लिंग लपवण्यासारखं आहे. कोल्हापूरकडे बायकांच्या बोलण्यातही 'मी आलो' येतं. यावर मराठीतच जमेल असा सुंदर चकवा उभा राहू शकतो.

नात्यांचंही तसंच. इंग्रजीतली एक 'आंट' म्हणजे आपल्याकडे मावशी, आत्या, काकू किंवा मामी आणि खुनाचं कारण त्यावर फिरतं. जोगकाकूंचंच घ्या. त्या हिंदू विधवा आहेत, मूल-नातवंड नाही, मृत्युपत्र नाही आणि ब्लॉक नवऱ्याकडून आलेला आहे असं धरू. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तो नवऱ्याच्या वारसांकडे जातो. आईवडिलांकडून आलेला असता तर वडिलांच्या वारसांकडे गेला असता. म्हणजे बहिणीच्या मुलाला, मिलिंदला, मृत्युपत्राशिवाय त्या ब्लॉकमधली वीटही मिळणार नाही आणि पुतण्याला मात्र मिळू शकेल. 'नेफ्यू' एवढंच लिहिलं असतं तर हे सगळं धुक्यात राहिलं असतं. म्हणून अनुवादात नात्याचा शब्द आला की कागदावर तो जसाच्या तसा लिहा.

सुरुवात कुठून करायची? लघुकथांपासून. मिस मार्पलच्या तेरा कथांचं 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हे १९३२चं पुस्तक त्यासाठी फार चांगलं. माणसं जमून आपल्याला माहीत असलेलं एकेक कोडं सांगतात. बोरिवली ते चर्चगेट प्रवासात एक कथा वाचून वर विचार करायलाही वेळ उरतो. नंतर १९५७ची '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'. तिच्या सुरुवातीलाच एक बाई शेजारून समांतर धावणाऱ्या गाडीच्या खिडकीत गळा दाबला जाताना बघते. फास्ट आणि स्लो लोकल काही क्षण बरोबरीने धावतात तेव्हा पलीकडचा चेहरा किती स्पष्ट दिसतो आणि किती पटकन जातो हे मुंबईकराला ठाऊक असल्यामुळे, त्या बाईवर कुणी विश्वास का ठेवत नाही हेही लगेच पटतं. आपल्या शहरात घडणारं हवं असेल तर सुजाता मेसी यांची २०१८ची 'द विडोज ऑफ मलबार हिल' घ्या. काळ १९२१चा, नायिका पारशी वकील आणि पडद्यातल्या विधवांशी समोरासमोर बोलणं तिला शक्य होतं ते ती बाई आहे म्हणून. पोलिसांना जिथं जाता येत नाही तिथं नायिकेला प्रवेश असणं, हा कोझीचा कणा तिथं स्पष्ट दिसतो. वसीम खान यांची निवृत्त इन्स्पेक्टर चोप्रा आणि हत्तीच्या पिल्लाची मालिका २०१५मध्ये सुरू झाली. ती हलकी आहे, पण मुंबईतली गरिबी आणि भ्रष्टाचार तिने वगळलेला नाही. मालिका शक्यतो क्रमाने वाचा. आधीचा खुनी पुढच्या भागात सहसा उघड करत नाहीत, पण कोणाचं लग्न झालं आणि कोण तुरुंगात आहे हे कळलं की मागच्या पुस्तकातले संशयित कमी होतात. किंडलवर एखादं पात्र विसरलात तर त्याचं नाव शोधून बघू नका. शोधात शेवटच्या प्रकरणातली ओळही वर येते.

फाउंटनच्या फुटपाथवरून किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुन्या प्रती घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. ख्रिस्तीची बरीच पुस्तकं इंग्लंड-अमेरिकेत वेगवेगळ्या नावांनी निघाली. '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'चंच अमेरिकन नाव 'व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!' असं आहे, त्यामुळे एकच पुस्तक दोनदा घरी येतं. शीर्षकामागच्या पानावर मूळ नाव बहुधा छापलेलं असतं, ते बघा. आणि शेवटची दहा पानं शाबूत आहेत का, हे दुकानदारालाच मोजायला सांगा. स्वतः उघडू नका. जुन्या प्रतींत ती पानं निखळलेली असतात किंवा आधीच्या वाचकाने खुन्याच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारलेली असते.